आड, पोहरा आणि रहाट

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र एका शिक्षिकेचं आहे. बावीस वर्षं त्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवताहेत. विद्यार्थ्यांकडून इतिहासाचे संशोधन-प्रकल्प कसे करून घ्यायचे, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण चाळीस शिक्षकांना देण्याचं काम त्यांच्याकडे आलं आहे. आजवरचे प्रकल्प म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर, रंगीत चित्रं आणि चकचकीत फाइल. आता तर उतरवण्याचेही कष्ट राहिले नाहीत, एआय लिहून देतं. प्रशिक्षणातून काय हवं, असं त्यांनी शिक्षकांना आधीच विचारून घेतलं. बहुतेकांनी तेच लिहिलं: विषयांची यादी द्या, एक नमुना प्रकल्प द्या, गुणांचा तक्ता द्या. "यांना संशोधन नकोच आहे, साचा हवा आहे. ज्यांनी स्वतः कधी शोध घेतला नाही, ते मुलांना काय शिकवणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं त्या विचारतात. तीनपैकी दोन दिवस विद्यापीठातल्या प्राध्यापकांची व्याख्यानं ठेवावीत का, असंही त्यांच्या मनात आहे. आणि पत्राच्या तळाशी, सही झाल्यावर सुचल्यासारखं, एक वाक्य आहे: "खरं सांगायचं तर मीही कधी अभिलेखागाराची पायरी चढलेली नाही. चाळीस जणांसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?"

ताई,

सहीनंतरच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं पत्र त्याच्यावरच उभं आहे. प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळी, ओळखी झाल्या की, ते वाक्य जसंच्या तसं म्हणून टाका. समोरच्या चाळिसांतल्या बहुतेकांची तीच गत असणार, आणि प्रत्येकाला वाटत असणार की आपण एकटेच असे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात तीन दिवस घालवण्यापेक्षा पाच मिनिटांची लाज परवडली.

आता तुमची म्हण. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, हे तुम्ही शिक्षकाला आड समजून म्हणता आहात. वर्गात धडा शिकवताना ते बरोबरच आहे, तिथे शिक्षकाला मुलांपेक्षा जास्त माहीत हवं. संशोधनात मात्र आड म्हणजे साधनं: पत्रं, नोंदवह्या, वर्तमानपत्रं, छायाचित्रं, माणसांच्या आठवणी. शिक्षकाच्या हाती असतो तो फक्त रहाट. मुलाचा प्रश्न खरोखर नवा असेल, तर त्याचं उत्तर शिक्षकाला माहीत नसणारच. माहीत असेल तर तो प्रकल्प नव्हे, लांबलेला गृहपाठ.

एक खरी गोष्ट सांगतो. ती तुमच्या शिक्षकांनाही सांगा. १९९९ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, युनियनटाउन नावाच्या छोट्या गावातल्या शाळेत, नॉर्म कोनार्ड नावाचे शिक्षक विद्यार्थिनींकडून 'नॅशनल हिस्टरी डे' या स्पर्धेसाठी प्रकल्प करून घेत होते. त्यांनी मुलींच्या हाती १९९४ च्या एका साप्ताहिकातलं कात्रण दिलं. इरेना सेंडलर नावाच्या पोलिश बाईंनी १९४२-४३ मध्ये वॉर्साच्या ज्यू वस्तीतून २,५०० मुलांना बाहेर काढून वाचवलं, असं त्यात होतं. कोनार्ड यांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मुलींना सांगितलं की आकडा छापताना चूक झाली असेल, तुम्हीच तपासा. मुली शोधाला लागल्या. बाई केव्हाच वारल्या असतील असं धरून त्यांची कबर कुठे आहे याचा तपास सुरू झाला, आणि कळलं की बाई वॉर्सात हयात आहेत. पत्रव्यवहार झाला. मे २००१ मध्ये मुली वॉर्साला जाऊन त्यांना भेटल्या. सेंडलर २००८ साली ९८ व्या वर्षी वारल्या. तोवर त्यांचं नाव जगभर पोहोचलं होतं, आणि त्यात या शाळकरी मुलींचा वाटा मोठा होता.

ही गोष्ट बहुधा मुलींच्या कौतुकासाठी सांगितली जाते. मला त्यातला शिक्षक जास्त महत्त्वाचा वाटतो. "असं कधी ऐकलं नाही, चुकीचंच असणार, दुसरा विषय घे," हे वाक्य त्यांच्या ओठावर आलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. आणि "छापून आलंय म्हणजे खरंच" म्हणाले असते, तरीही संपलंच असतं. त्यांनी स्वतःची शंका मुलींच्या हाती दिली आणि ते बाजूला झाले. विषयाचं अज्ञान त्यांना आड आलं नाही, कारण पद्धतीचं ज्ञान होतं: छापील आकडाही तपासायचा असतो, मूळ माणसापर्यंत, मूळ कागदापर्यंत जायचं असतं. म्हणून तुमची काळजी निम्मी खरी आहे. शिक्षकाला विषय येत नसला तरी चालेल, शोध कसा घेतात याचा अंगाला अनुभव हवा. तो व्याख्यानांतून येत नाही. पोहण्यावरची दोन दिवसांची भाषणं ऐकून कुणी पाण्यात उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

प्राध्यापकांना बोलवूच नका असं मात्र मी म्हणणार नाही. एक जण बोलवा, एक तासासाठी, आणि अट घाला: तुमचे निष्कर्ष नकोत, तुम्ही फसलात तो प्रसंग सांगा. चुकीची लागलेली तारीख, महिनाभर वाचूनही न लागलेलं अक्षर, ज्या कागदासाठी लांबवर गेलात आणि तो तिथे नव्हताच, असं काहीही. हे ऐकून शिक्षकांना जो धीर येईल, तो साधनांच्या वर्गीकरणावरच्या दोन तासांनी येणार नाही.

साचा मागणाऱ्या शिक्षकांवर तुम्ही थोडा अन्याय करताय. सहा वर्ग, परीक्षेची कामं, वर्गात साठ मुलं, वरून 'संशोधन करून घ्या' असा आदेश. अशा माणसाने यादी मागितली तर तो आळशी ठरत नाही. तो बुडताना काठी मागतोय. माझ्या मते त्यांना साचा द्यावा, फक्त कामाचा द्यावा, फाइलचा नको. पहिल्या आठवड्यात काय विचारायचं, तिसऱ्या आठवड्यात मुलाच्या वहीत काय दिसायला हवं, मूल अडलं तर कुठले तीन प्रश्न करायचे, हे लिहून द्या. विषयांची यादी मात्र नको. यादी दिली की चाळीस शाळांतून तेच बारा प्रकल्प येतात. मग त्या बारांची तयार फाइल कुणीतरी विकायला काढतं.

तर तीन दिवसांत करायचं काय?

पहिल्या दिवशी शिक्षकांना विद्यार्थी करा. माझी आवडती सुरुवात दोन छायाचित्रांची आहे. एप्रिल १८५५ मध्ये, क्रिमियन युद्धाच्या वेळी, रॉजर फेंटन या ब्रिटिश छायाचित्रकाराने सेव्हास्तोपोलजवळच्या एका उजाड घळीची दोन छायाचित्रं घेतली. कॅमेरा जवळपास त्याच जागी आहे. एकात रस्त्यावर तोफगोळे विखुरले आहेत. दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे, गोळे कडेच्या चरात आणि उतारावर पडले आहेत. गोळे असलेलं छायाचित्र युद्धाच्या पहिल्यावहिल्या प्रसिद्ध छायाचित्रांत गणलं जातं. दोन्ही इंटरनेटवर सहज मिळतात. चार-चारचे गट करा, मोठ्या आकारात छापून हातात द्या आणि एकच प्रश्न विचारा: आधीचं कुठलं?

बघा काय होतं ते. कुणी म्हणेल, आधी रस्ता मोकळा होता, मग चित्र उठावदार दिसावं म्हणून गोळे आणून मांडले. कुणी म्हणेल, छे, गोळे होतेच, सैनिकांनी पुन्हा वापरायला उचलून नेले, म्हणून रस्ता मोकळा दिसतो. दोन्ही पटतं. मग तुम्ही विचारायचं, "तुमचं म्हणणं खरं असेल तर चित्रात आणखी काय दिसायला हवं?" आता माणसं भिंग मागतात. सावल्या बघतात, दगड मोजतात, फेंटनच्या तंबूत त्या दिवशी कोण होतं, त्याने घरी पत्रं लिहिली होती का, असं विचारायला लागतात. तासाभरापूर्वी 'प्राथमिक साधन' (म्हणजे त्या काळातला मूळ पुरावा) या शब्दाला जांभई देणारी माणसं आता त्याच्यावरून भांडत असतात. या कोड्याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं लागलेलं आहे. ते मी इथे लिहीत नाही, का ते शेवटी सांगतो.

हा खेळ झाल्यावर प्रत्येक शिक्षकाने स्वतःचा एक छोटा प्रश्न धरावा आणि तीन दिवस तोच चालवावा. घरातला एखादा जुना कागद, जुनं छायाचित्र किंवा आपल्याच शाळेची जुनी नोंदवही त्यांना येताना घेऊन यायला सांगा. शाळेचं दफ्तर ही सोन्याची खाण आहे आणि तिच्यावरच बसून आपण 'साधनं मिळत नाहीत' म्हणतो. हजेरीपट, प्रवेशाच्या नोंदी, शेरेपुस्तक, बक्षीस समारंभाच्या जुन्या पत्रिका, हे सगळं तिथे पडलेलं असतं. एखाद्या वर्षी एखाद्या महिन्यात हजेरी अचानक का घसरली, एवढा एक प्रश्नही पुरतो. साथ होती, शेतीची कामं होती, संप होता की हजेरी घेणारेच रजेवर होते? (हयात माणसांच्या खाजगी नोंदी मुलांसमोर उघड्या टाकू नका. नावं झाकून काम होतं. मुख्याध्यापकांची परवानगी आधीच घ्या, नाहीतर कपाटाची किल्ली हरवल्याचं ऐकावं लागेल.)

तीन दिवसांत कुणाचाच प्रश्न सुटणार नाही. चालेल. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने दोन मिनिटं उभं राहून सांगायचं: माझा प्रश्न काय होता, तो कसा बदलला, मी कुठे अडलो. अडलेल्या माणसाच्या पोटात काय होतं हे ज्याला कळलं, तो अडलेल्या मुलाला "गूगल कर" म्हणून वाटेला लावत नाही.

दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग मी गप्प राहण्याच्या सरावाला देईन. हसू नका. शिक्षकाला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट हीच आहे. तिघांचा गट करा. एक मार्गदर्शक, एक विद्यार्थी, तिसरा नुसता टिपणारा. विद्यार्थी झालेल्याने आपला खरा, पहिल्या दिवशी धरलेलाच प्रश्न मांडायचा. मार्गदर्शकाने सात मिनिटांत फक्त प्रश्न विचारायचे. तिसऱ्याने नोंद ठेवायची: किती वेळा उत्तर पुरवलं, किती वेळा वाक्य मध्येच तोडलं, प्रश्न विचारून किती सेकंद थांबला. तो आकडा वाचून दाखवला की भल्याभल्यांना घाम फुटतो.

माझे स्वतःचे हात इथेच पोळले आहेत. शिकवायला लागून थोडीच वर्षं झाली होती. एक मुलगी दोन पुस्तकं घेऊन आली. एकाच घटनेच्या दोन तारखा होत्या. "सर, खरी कुठली?" मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "पाठ्यपुस्तकातली धर." तिने धरली. प्रकल्प नीटनेटका झाला, गुणही चांगले मिळाले, आणि पुन्हा ती कधी दोन पुस्तकं घेऊन आली नाही. ती घटना कुठली होती हेही मला आता आठवत नाही. पुस्तकं मिटताना तिने केलेला आवाज तेवढा आठवतो.

दोन तारखा म्हणजे प्रकल्पातली अडचण नव्हे, तिथूनच प्रकल्प सुरू होतो. जॉर्ज वॉशिंग्टनची जन्मतारीख एकीकडे ११ फेब्रुवारी १७३१ मिळते, दुसरीकडे २२ फेब्रुवारी १७३२. अकरा दिवसांचा आणि एका सालाचा फरक, आणि तरी दोन्ही बरोबर! ब्रिटनने आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला, आणि पूर्वी २५ मार्चला बदलणारं साल १ जानेवारीला बदलू लागलं. हे उदाहरण शिक्षकांना कोडं म्हणून घाला. 'एक साधन खरं म्हणजे दुसरं खोटं' ही सवय मोडायला ते फार उपयोगी पडतं.

आता प्रश्न निवडण्याबद्दल, कारण तुमच्या शिक्षकांची यादीची मागणी खरं तर इथून येते. मूल येऊन म्हणतं, "मला दुसऱ्या महायुद्धावर करायचंय." नाही म्हणू नका. 'का' असंही लगेच विचारू नका, मूल घाबरतं. त्यातलं काय वाचून तू थांबलास, एवढंच विचारा. कुणी रणगाड्यांवर थांबलेला असतो, कुणी रेशनकार्डावर, कुणी एखाद्या पत्रावर. तिथून आत जा. विषय एवढा अरुंद व्हायला हवा की त्याचं साधन नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. '१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ' हा विषय झाला. 'त्या साथीच्या तीन महिन्यांत एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर साथीला किती जागा दिली आणि जाहिराती कशाच्या छापल्या' हा प्रश्न झाला. दुसऱ्यासाठी त्या वर्तमानपत्राचे जुने अंक लागतात, ते मिळतात की नाही हे आठवड्यात कळतं. नाही मिळाले तर प्रश्न बदलायचा, आणि तसं वहीत लिहून ठेवायचं. दोन-तीन आठवडे खोदूनही साधन हाती नसेल, तर मुलाला त्या प्रश्नावर अडकवून ठेवू नका. जिद्दीची परीक्षा बघण्याची ती जागा नव्हे.

आणि प्रत्येक मुलाला मध्यावर एकदा तरी विचारायचा प्रश्न: "काय सापडलं तर तू तुझं मत बदलशील?" ज्याला याचं उत्तर देता येत नाही, तो शोध घेत नाही, वकिली करतोय. मोठ्यांनाही हा प्रश्न जड जातो. शिक्षकांवर आधी वापरून बघा.

मुलाखतींबद्दल बऱ्याच वाचकांनी याआधीही विचारलंय: म्हातारी माणसं तारखा चुकवतात, मग त्यांच्या सांगण्याचा उपयोग काय? इटलीतल्या तेर्नी या पोलाद-कारखान्यांच्या शहरात १७ मार्च १९४९ रोजी, नाटो कराराच्या विरोधातल्या निदर्शनांत, लुइजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. अनेक वर्षांनी तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी हा मृत्यू १९५३ च्या कामगार-कपातीच्या वेळी झाल्याचं सांगितलं. तारीख चुकली हे तर झालंच. पण इतक्या माणसांची चूक एकाच दिशेने का झाली? कपात ही त्यांच्या आयुष्यातली खरी जखम होती, म्हणून मृत्यू तिथे सरकला. तेव्हा मुलांना सांगा की आठवण कागदाशी ताडून बघायची, आणि जुळली नाही तर फेकून द्यायची नाही. आजोबांना मात्र "तुम्ही चुकलात" असं तोंडावर ऐकवू नये, एवढं त्यांना बजावून पाठवा.

एआयचं काय? बंदी घालून काही होणार नाही, घरी कोण बघतंय? माझा नियम साधा आहे. जे साधन मुलाने स्वतः हातात धरलं किंवा पडद्यावर उघडून वाचलं, तेवढंच संदर्भात लिहायचं. ही यंत्रं अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावं लेखक आणि पानांसकट बिनदिक्कत देतात. म्हणून शिक्षकाने कुठल्याही दोन संदर्भांवर बोट ठेवून म्हणायचं, "हे दाखव." एवढं एक वाक्य पुष्कळ काम करतं. शेवटी दहा मिनिटं तोंडी विचारा. ज्याने शोध घेतलाय तो फाइलमध्ये नसलेलंही सांगतो. उतरवून आणणाऱ्याकडे फाइलीपलीकडे एक वाक्य नसतं.

गुणांच्या तक्त्याबद्दल मी थोडा हट्टी आहे. जोवर मुखपृष्ठाला, सजावटीला आणि पानांच्या संख्येला गुण आहेत, तोवर तुमचं प्रशिक्षण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मुलं आणि पालक हुशार असतात, जिथे गुण तिथे कष्ट. ज्यांनी हे दीर्घकाळ केलंय त्यांनी वाटचालीची नोंद सक्तीची केली आहे. १९७४ मध्ये क्लीव्हलंडला सुरू झालेल्या त्या 'नॅशनल हिस्टरी डे' मध्ये आज निबंध, प्रदर्शन, नाट्यप्रयोग, माहितीपट, संकेतस्थळ असे प्रकार आहेत, आणि प्रत्येकासोबत कुठल्या साधनाचा काय उपयोग झाला हे सांगणारी सटीप संदर्भसूची द्यावी लागते. शिवाय काम कसं केलं याचं ५०० शब्दांपर्यंतचं टिपणही. जर्मनीत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने १९७३ पासून शालेय इतिहास-स्पर्धा होते, तिथेही कामाचा अहवाल जोडावा लागतो. तुमच्या तक्त्यात या नोंदीला आणि तोंडी प्रश्नांना मिळून निम्मे गुण द्या. आकड्यावर भांडण होईल, होऊ द्या. त्या भांडणातच शिक्षकांना कळेल की आपण नेमकं कशाला किंमत देतो.

याच जर्मन स्पर्धेची दुसरी बाजूही तुमच्या शिक्षकांना माहीत असावी. पासाऊ शहरातल्या आन्ना रोसमुस या विद्यार्थिनीने १९८० च्या सुमाराला या स्पर्धेसाठी आपल्या गावाचा नाझी काळ शोधायला घेतला. गावातली प्रतिष्ठित नावं त्या काळाशी जोडलेली निघायला लागली, तशी माणसं बोलेनाशी झाली. कागदपत्रं बघायला मिळावीत म्हणून तिला न्यायालयात जावं लागलं, धमक्या आल्या. हे सांगून घाबरवायचं नाही. पण शाळकरी मुलाचा प्रकल्पही कुणाला तरी झोंबू शकतो, आणि तेव्हा शिक्षकाने मुलाच्या पुढे उभं राहायचं असतं. आधीच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा, जिवंत माणसांवर आरोप होईल असं काही दोन स्वतंत्र साधनांशिवाय लिहू देऊ नका, आणि मुलाच्या जिवाला घोर लागेल असं वाटलं तर विषय बदला. त्याला भित्रेपणा म्हणणारे येतील. ते त्या मुलाबरोबर घरी जात नसतात.

वेळेचं गणित राहिलं. साठ मुलांना एकेकटं मार्गदर्शन होत नाही, होतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चौघांचा गट केला तर पंधरा गट होतात. गटाला सात मिनिटं म्हटली तर १०५ मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटांच्या तीन तासिका. पंधरवड्यात एकदा एवढं निघतं. त्या सात मिनिटांत फाइल बघायचीच नाही, फक्त वही. गेल्या वेळेपासून नवं काय सापडलं, काय जुळत नाहीये, पुढे कुठे बघणार. बास.

तीन दिवसांनंतर सगळे पांगतील आणि पंधरा दिवसांत जुनी गाडी जुन्या रुळांवर येईल. म्हणून माझी विनंती आहे की आयोजकांनी आग्रह धरला तरी हे तीन दिवस सलग घेऊ नका. दोन दिवस आत्ता घ्या, तिसरा दिवस दोन महिन्यांनी, मुलांचे अर्धवट प्रकल्प घेऊन. स्वतःच्या प्रश्नावर दोन मिनिटं उभं राहून बोलायचं तेही तेव्हाच. मध्ये महिन्यातून एकदा तासभर भेट, समोरासमोर किंवा फोनवर. पहिल्याच भेटीत कुणीतरी म्हणेल, "माझ्याकडे काहीच जमलं नाही." त्यांनाच आधी बोलू द्या.

आता ती दोन छायाचित्रं. उत्तर तुम्हीही पहिल्या दिवशी सांगू नका. जेवणाच्या सुट्टीत कुणी ना कुणी मोबाइलवर शोधून काढेलच आणि परीक्षेचा पेपर फुटल्यासारखं सांगत येईल. येऊ द्या. त्यांना फक्त विचारा, "कुठे वाचलंत? आणि लिहिणाऱ्याला ते कशावरून कळलं?"